इमारतीचा कार्बन: बांधतानाचा वेगळा, वापरतानाचा वेगळा

ज्या इमारतीला वीज कमी लागते ती पर्यावरणाला हलकी, असं सर्रास गृहीत धरलं जातं. सोलर पॅनेल, एलईडी दिवे, कमी वीज खाणारे एसी दिसले की इमारत 'ग्रीन' ठरते. पण तिथे पहिला माणूस राहायला येण्याआधीच तिच्या नावावर भरपूर कार्बन चढलेला असतो: सिमेंटच्या भट्टीत, पोलाद कारखान्यात, वीटभट्टीवर, माल आणणाऱ्या ट्रकच्या धुरातून. हा एम्बॉडीड कार्बन, म्हणजे बांधकामातला. पुढे दिवे, एसी, हीटर, लिफ्ट, पाण्याचे पंप चालवताना वर्षानुवर्षं जो निघत राहतो तो ऑपरेशनल, म्हणजे वापरातला.

दोन्ही किलोतच मोजतात, म्हणून गल्लत होते. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक वेळेचा वाटतो. वापरातला कार्बन नंतरही कमी करता येतो. एसी बदला, खिडक्यांच्या फटी बुजवा, आणि काहीच केलं नाही तरी ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढली की तो आपोआप उतरतो (ग्रिड म्हणजे घरोघरी वीज पोचवणारं जाळं). वर्षाला ५००० युनिट वापरणाऱ्या घराचा कार्बन, युनिटमागे ०.७ किलो धरला तर ३.५ टन होतो. ग्रिड निम्म्याने स्वच्छ झालं की घरातलं एक बटणही न बदलता १.७५ टन. बांधकामातल्या कार्बनला अशी दुसरी संधी नाही. स्लॅब पडला की तो हवेत गेलेला असतो.

मोजण्याची रीतही त्यामुळेच वेगळी. वापराला मीटर असतो, दर महिन्याला बिल येतं. बांधकामाला मीटर नाही. तिथे बीओक्यू, म्हणजे कोणता माल किती लागणार याची यादी, घेऊन बसावं लागतं आणि प्रत्येक मालाच्या वजनाला त्याच्या किलोमागच्या कार्बनने गुणावं लागतं. १०० चौरस मीटरचा, १५० मिलिमीटर जाडीचा एक स्लॅब घ्या. काँक्रीट १५ घनमीटर. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर ५२५० किलो, आणि किलोमागे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर सुमारे साडेचार टन. घनमीटरला ८० किलो सळई म्हणजे १२०० किलो लोखंड. धातुकापासून झोतभट्टीत बनलेलं असेल तर किलोला २ किलो धरून आणखी २.४ टन. एका मजल्याच्या एका स्लॅबचे हे जवळपास सात टन.

आता याच स्लॅबवर पेन्सिल फिरवून बघा. कॉलम थोडे जवळ आणून जाडी १२५ मिलिमीटरवर आणता आली, तर सिमेंटचेच पाऊण टन वाचतात. जाडी तीच ठेवून ३० टक्के सिमेंटऐवजी फ्लाय ॲश (कोळशावरच्या वीजकेंद्रातली राख) घातली, तर सव्वा टनाहून जास्त. म्हणून मी म्हणेन की बांधकामातला कार्बन कमी करायची खरी जागा साइट नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं टेबल आहे. तिथला एक तासाचा विचार नंतरच्या कितीतरी खटपटींपेक्षा मोलाचा.

सिमेंट इतकं जड का पडतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते, बनवायला चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. इंधनाचा धूर निघतोच, पण शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की तिच्यातूनच ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी उद्या पूर्ण स्वच्छ विजेवर चालवली तरी हे ४४ किलो राहतातच. म्हणून क्लिंकरच कमी वापरणं हा मार्ग उरतो: फ्लाय ॲश, स्लॅग (लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी), किंवा भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळलेलं एलसी-३ सिमेंट. ती माती सुमारे ८०० अंशांनाच भाजते, आणि तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ. अशा मिश्रणांपैकी फ्लाय ॲश आणि स्लॅगचं काँक्रीट मात्र सावकाश ताकद धरतं. फूटिंगसारख्या (पायातल्या), पूर्ण भार उशिरा येणाऱ्या भागांत क्यूब टेस्टची (काँक्रीटचे ठोकळे दाबून मोजलेली) ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांची मागितली तर हे सहज जमतं. स्लॅबला ते अवघड, कारण सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढायची घाई असते.

काही गोष्टी या दोन हिशेबांच्या सीमेवर बसतात आणि हमखास निसटतात. वीस-पंचवीस वर्षांनी बदललेली लिफ्ट किंवा दर्शनी काच वापराच्या काळात येते, पण तिचा कार्बन बांधकामाच्या बाजूला मोजतात. एसीतून गळणारा गॅस तर कोणत्याच मीटरवर दिसत नाही. आर-४१०ए या गॅसचा एक किलो सुटला की तो १०० वर्षांच्या मापाने सुमारे २००० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

दोन्ही हिशेब कधी एकमेकांच्या विरोधात जातात. जास्त इन्सुलेशन घातलं की वापरातला घटतो, बांधकामातला वाढतो. बहुतेक वेळा ते फायद्याचंच ठरतं, पण जाडी वाढवत नेली की प्रत्येक पुढच्या थराचा फायदा आटत जातो. पूर्ण काचेची दर्शनी भिंत मात्र उष्ण हवेत दोन्हीकडे तोट्याची: ॲल्युमिनियमच्या चौकटी आधीच जड, आणि आत आलेलं ऊन घालवायला एसी दिवसभर चालतो. म्हणून दोन्ही एकत्र मोजावे लागतात. डेन्मार्कने २०२३ मध्ये १००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलोची मर्यादा घातली होती, ती दोन्ही मिळून आणि ५० वर्षांचं आयुष्य धरून.

जुनी इमारत पाडून 'ग्रीन' इमारत बांधायचा प्रस्ताव येतो तेव्हा हा हिशेब सगळ्यात जास्त कामाला येतो. हिशेबापुरतं धरू की जुनी वर्षाला ३० टन काढते, नवी १५ काढेल, आणि नवी बांधायला ६०० टन लागतील. म्हणजे फिटायला ४० वर्षं. तीच जुनी इमारत ६० टन खर्चून दुरुस्त केली आणि ती २० टनांवर आली, तर सहा वर्षांत फिटतं. दुरुस्त केलेल्या इमारतीशी तुलना केली, तर नवीचे जादा ५४० टन वर्षाला ५ टनांच्या बचतीतून भरून यायला हवेत, म्हणजे १०८ वर्षं. आणि ग्रिड स्वच्छ होत गेलं तर ते ५ टनही आणखी कमी होत जातील.