उजवीकडे हँडल, डावीकडे वळण

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ फिरत होता. लाल मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार मोटरसायकली, डावीकडचं वळण आणि चौघांचीही हँडलं चक्क उजवीकडे. खाली मजकूर: ‘जावाची बिनब्रेकची गाडी! गायरोस्कोपमुळे पडत नाही. विज्ञानालाही न सुटलेलं कोडं!!’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच उत्तर टाकलं, ‘आमच्याही जावाचे ब्रेक असून नसल्यासारखेच.’ त्यांची ७१ सालची जावा अजून पार्किंगमध्ये उभी असते आणि रविवारी सगळ्या इमारतीला उठवते.

कोडं केव्हाच सुटलंय आणि ते सोडवायला शाळेतलं घर्षण पुरतं. गायरोस्कोपचा, म्हणजे फिरत्या चाकाच्या आपला अक्ष सहजी न सोडण्याच्या गुणाचा, इथे फारसा संबंध नाही.

आधी जावाचा घोळ मिटवू. काकांची जावा म्हणजे म्हैसूरच्या कारखान्यातली २५० सीसीची टू-स्ट्रोक. पुढे तीच येझदी झाली. व्हिडिओतली गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक. चेकोस्लोव्हाकियात दिव्हिशोव्ह नावाच्या गावी एसो नावाची कंपनी ही यंत्रं बनवायची. १९६४ मध्ये ती जावात विलीन झाली आणि टाकीवरचं नाव बदललं. नाव सोडलं तर दोघींत काही नातं नाही.

या शर्यतीला स्पीडवे म्हणतात, जुनं नाव डर्ट ट्रॅक. चार स्वार, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. म्हणजे जन्मभर फक्त डावीकडे वळायचं. साधारण मिनिटभरात खेळ खलास. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक एकही नाही. सुरुवात कुठे झाली यावर वाद आहे, कारण अमेरिकेत मातीवर त्याआधीही शर्यती होत. तरी ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावची १५ डिसेंबर १९२३ ही तारीख बहुतेक ठिकाणी दिलेली असते. तिथल्या कृषी प्रदर्शनाचा सचिव जॉनी हॉस्किन्स याने गर्दी खेचण्यासाठी मैदानात मोटरसायकली पळवल्या. थोडक्यात, जत्रेतलंच आकर्षण. आपल्याकडच्या मौत का कुआँचा दूरचा भाऊ.

१९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीच इथे, एका पबच्या मागच्या मैदानात, हा खेळ झाला. आयोजकांनी काही हजार लोक धरले होते, आले त्याच्या कितीतरी पट. पुढच्या काही महिन्यांत इंग्लंडभर ट्रॅक निघाले आणि १९३६ ला वेम्ब्लीवर पहिली जागतिक अंतिम फेरी झाली. त्या रात्री ब्लूई विल्किन्सन याने आपल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि तरी तो तिसरा आला, कारण आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण त्यात धरले होते. जिंकला लायोनेल व्हॅन प्राग. मला तरी हा विल्किन्सनवर अन्यायच वाटतो. असो.

आता मूळ मुद्दा. बोटात घट्ट बसलेली अंगठी सरळ ओढली तर हलत नाही. तीच गोल फिरवत ओढली की सुटते. साबण न लावता! का? घासून सरकणाऱ्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण साधारण ठरावीक असतं आणि ते नेहमी सरकण्याच्या बरोबर उलट दिशेला लागतं. अंगठी फिरवली की सरकणं मुख्यतः गोल दिशेचं होतं, घर्षण तिकडे खर्ची पडतं आणि बाहेर ओढण्याला विरोध करायला फार थोडं उरतं. घर्षणाची रक्कम तीच, फक्त खर्चाचं खातं बदललं.

मोटरसायकलस्वार मागच्या चाकाशी हेच करतो. वळणाच्या तोंडाशी तो मूठ पिळतो, मागचं चाक जागच्या जागी भसाभसा फिरायला लागतं, घर्षण चाकाच्या लांबीच्या दिशेत खर्च होतं, आडव्या दिशेची पकड सुटते आणि गाडीचं शेपूट बाहेर जातं. आता गाडीचं नाक ट्रॅकच्या आतल्या बाजूला, डावीकडे, रोखलेलं आहे. पण गाडी जातेय मात्र ट्रॅकच्या दिशेने. पुढचं चाक जाण्याच्या दिशेला धरायचं म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या मानाने हँडल उजवीकडे येणार. झालं, व्हिडिओतलं अर्धं कोडं संपलं. (डांबरी रस्त्यावर डावीकडे वळायला आधी क्षणभर हँडल उजवीकडे ढकलावं लागतं, ती गोष्ट वेगळी. ते गाडी कलती करण्यासाठी असतं. इंटरनेटवर या दोन्हींची हमखास खिचडी केलेली असते.)

उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं. वळायला केंद्राच्या दिशेने बल लागतं, अभिकेंद्री बल. ते देणार कोण? समजा गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने, ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: २२५ भागिले ३०, म्हणजे साडेसात. गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पाऊणपट त्वरण, आणि तेही भुसभुशीत मातीवर. एवढं बल कुठूनतरी यायला हवं, आणि त्यातला मोठा वाटा त्या घसरणाऱ्या मागच्या चाकाकडूनच येतो.

समजा गाडीचं नाक जाण्याच्या दिशेपासून ४० अंश आत वळलेलं आहे. मागच्या टायरचा जमिनीला टेकलेला तुकडा दोन हालचाली एकदम करतोय: गाडीबरोबर ५४ च्या वेगाने पुढे जातोय आणि चाक फिरतंय म्हणून नाकाच्या उलट दिशेला मागे जातोय. दोन्हींची सदिश, म्हणजे दिशाही धरून केलेली, बेरीज म्हणजे टायर जमिनीवर खरोखर ज्या दिशेला घासतोय ती दिशा. घर्षण तिच्या बरोबर उलट. आता गंमत बघा. चाकाच्या कडेचा वेग गुणिले ४० अंशांचा कोसाइन जर गाडीच्या वेगाइतका झाला, तर मागेपुढे घासणं शून्य होतं आणि टायर फक्त बाहेरच्या बाजूला घासतो. मग सगळं घर्षण आत, थेट केंद्राकडे. ५४ भागिले ०.७७, म्हणजे साधारण ७०.

म्हणजे गाडी ५४ ने जातेय आणि मागचं चाक ७० ने फिरतंय, तर ते चाक गाडीला पुढे ढकलतही नाही आणि मागे ओढतही नाही, नुसतं वळवतं. चाक ८० ने फिरवा, गाडी वेग घेईल. आणि ६० वर आणा? चाक गाडीपेक्षा जोरात फिरतंय, धूळ उडतेय, इंजिन बोंबलतंय, आणि तरी गाडी मंदावतेय! हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा चिन्ह चुकलं असेल म्हणून तीनदा तपासलं. चुकलं नव्हतं. ब्रेक नाहीत ते यामुळेच: ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही त्याच एका मुठीत आहेत, आणि त्यांच्यातली सीमा गाडी किती आडवी धरली आहे त्यावर सरकते. तीस अंशाला ती ६२ वर येते, पन्नासला ८४ वर जाते.

एरंडाचं गुऱ्हाळ लांबलं, पण एक गोष्ट राहिली. घाबरून मूठ सोडली तर काय? चाकाचं फिरणं एकदम कमी होतं, घर्षणाचं खातं पुन्हा बदलतं, आडवी पकड परत येते आणि शेपूट झटक्यात जागेवर येतं. गाडी उसळते आणि स्वाराला बाहेरच्या बाजूला भिरकावते. आपल्याला पावसात गाडी सरकली की मूठ सोडायची सवय असते. इथे ती सवय हाडं मोडते. (वरचं गणित कोरड्या, साध्या घर्षणाचं आहे. खऱ्या ट्रॅकवर टायर माती नांगरतो, तिचा ढीग लोटतो आणि त्या ढिगाचाही टेका मिळतो, त्यामुळे आकडे बदलतात. चित्र बदलत नाही.)

हे समजलं की जुन्या गाड्यांच्या आकाराचा उलगडा होतो. १९२८-२९ च्या ट्रॅकवर बॉयलरमधून निघणाऱ्या जळक्या कोळशाच्या खड्यांचा जाड थर असे. तिथे डग्लस कंपनीची गाडी राज्य करायची: दोन सिलिंडर समोरासमोर आडवे निजवलेले, लांब आणि जमिनीलगतची. ती लांबवर, संथपणे घसरायची आणि स्वार डावा पाय गुडघ्यात दुमडून मागे फरफटत न्यायचा. फोटोत फार देखणं दिसतं. पुढे थर पातळ झाले आणि १९३० मध्ये लंडनच्या टॉटनहॅममधल्या प्रेस्टविच कारखान्याचं जॅप इंजिन आलं. एकच उभा सिलिंडर, ८० मिलीमीटर व्यास, ९९ मिलीमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव. गाडी आखूड झाली, चटकन वळू लागली आणि डावा पाय मागून पुढे आला. त्या पायातल्या बुटाखाली लोखंडी तळ बांधलेला असतो, तो जमिनीवरून घासत नेतात. एसो येईपर्यंत, म्हणजे तीसेक वर्षं, जॅपपुढे कोणाचं फार चाललं नाही.

इंधन मिथेनॉल. ते पेट्रोलपेक्षा निम्मीच ऊर्जा देतं, पण तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त जाळता येतं, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. खरा फायदा असा की वाफ होताना ते पेट्रोलच्या तिप्पट उष्णता शोषतं. भर उन्हात मडक्यातलं पाणी गार राहतं तसं इंजिन आतून गार राहतं, म्हणून मिश्रण जास्त दाबता येतं. आणि तेल? एरंडेल! कॅस्ट्रॉल या नावातच कॅस्टर आहे. एरंडेल तापलेल्या धातूला घट्ट धरून राहतं. आपल्या घरात ज्या बाटलीच्या नुसत्या दर्शनाने पोरं पळायची, त्याच तेलाच्या जळक्या वासाने तिकडचे म्हातारे प्रेक्षक हळवे होतात.

‘स्पीडवेची गाडी फॉर्म्युला वनपेक्षा जलद वेग घेते’ असंही त्या व्हिडिओखाली होतं. आजची गाडी ७७ किलोच्या आसपास आणि इंजिन सत्तर-ऐंशी अश्वशक्तीचं, त्यामुळे कागदावर ताकद भरपूर. पण सुटताना वेग किती घेणार हे माती ठरवते, इंजिन नाही. घर्षण देईल त्याहून जास्त त्वरण मिळत नाही. उरलेली ताकद धूळ उडवण्यात जाते. रुंद, चिकट टायर डांबरावर टेकवलेल्या गाडीशी सैल मातीवरचा एक अरुंद टायर बरोबरी करेल, यावर विश्वास ठेवण्याआधी मी स्टॉपवॉच मागेन. काकांच्या जावाच्या हेडलाइटखाली लिंबू-मिरची लोंबते, तिच्याबद्दलही माझं मत साधारण असंच आहे. घर्षणगुणांक तिला ओळखत नाही.

जुने फोटो मिळाले तर स्वाराकडे बघू नका, उडणाऱ्या मातीकडे बघा. टायरवर घर्षण ज्या दिशेला, माती बरोबर त्याच्या उलट दिशेला. न्यूटनचा तिसरा नियम. पिसारा मागे झुकला असेल तर गाडी वेग घेतेय. पुढे झुकला असेल तर मंदावतेय. ट्रॅकला काटकोनात सरळ बाहेर गेला असेल तर तो वर काढलेला ७० चा क्षण कॅमेऱ्यात सापडलाय. हाय बीचच्या त्या रविवारी दोरीपलीकडे, ट्रॅकच्या आतही आणि बाहेरही, माणसं दाटीवाटीने उभी होती. घरी जाऊन कपडे कोणाला झटकावे लागले असतील, ते सांगायला नको.