संगीत कार्यशाळा, बालकांसाठी (खानदेश)

साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना गाणे, ठेका, हालचाल आणि साध्या वाद्यांच्या आधारे बोलते करणारा व त्यातूनच भाषा, अंक आणि ऐकण्याची सवय यांचा पाया घालणारा गटउपक्रम. गायन-वादनाच्या शिकवणीशी त्याची गल्लत होऊ नये. येथे अलंकार, परीक्षा, प्रमाणपत्र काही नसते आणि सूर चुकला म्हणून कोणी थांबवत नाही.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत अशा कार्यशाळेला वेगळे महत्त्व येते ते बोलींमुळे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, सातपुड्यात भिली वा पावरी, नवापूरकडे मावची आणि कोकणा आदिवासींची कोकणी. शाळेत मात्र प्रमाण मराठी. गल्लीत तोंडाचा पट्टा चालवणारे पोर वर्गात आले की आठवडेच्या आठवडे गप्प बसते, आणि मग ‘मूल लाजाळू आहे’ असा शेरा बसतो. खरे तर ते लाजाळू नसते, चुकायला घाबरत असते. सर्वांबरोबर म्हणायच्या गाण्यात एकट्याची चूक कोणाला ऐकू जात नाही, त्यामुळे अनोळखी शब्दही जिभेवर बसतात.

सुरुवात बहुधा नावापासून होते. मुले गोल बसतात आणि चार मात्रांच्या टाळीवर सगळी मिळून एकाला विचारतात, ‘तुनं नाव काय शे?’ उत्तर त्याच ठेक्यात यायचे: ‘मनं नाव सोनाली शे.’ सोनालीने तोंडच उघडले नाही, तर तिने तीन टाळ्या वाजवायच्या, सो-ना-ली, आणि नाव गटाने म्हणायचे. हे उत्तर पूर्ण धरतात. कार्यशाळा घेणाऱ्या ताईने ‘बोल ना गं, बोल’ असा लकडा लावला की खेळ बिघडलाच. पुढे तीच सोनाली मध्ये उभी राहते, हात उंचावून लय वाढवते, खाली आणून मंद करते. वर्गात जिचे कोणी ऐकत नाही, तिच्या हाताकडे बघून वीस-पंचवीस पोरे एकदम थांबतात. आत्मविश्वास वाढतो म्हणतात तो इथे. कौतुकाच्या शब्दांनी एवढे होत नाही.

याच टाळ्यांतून वाचनाची तयारी होते. ‘कमळ’ला तीन टाळ्या, ‘कृष्णा’ला दोनच, हे हाताला कळले की शब्द अक्षरांत फोडायचा असतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या, तरी कामाच्या लयीवर ओव्या रचत गेल्या. नाद अक्षराच्या आधी येतो याला खानदेशात दुसरा दाखला शोधायची गरज नाही.

गाण्यांचा साठा गावातच असतो. भाद्रपद-आश्विनात मुली गुलाबाईची (इतरत्र भुलाबाई) गाणी टिपऱ्यांवर म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. हा प्रश्नोत्तरांचा खेळ तर जसाच्या तसा उचलावा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाई देवीची, वहीगायन या लोकगायनातला डफ, पावरा आदिवासींचे होळीचे ढोल, कोकणांचे पावरी हे फुंकवाद्य हे सारे उपयोगी पडते. अडचण आशयाची असते. आखाजी-गुलाबाईची बरीच गाणी सासुरवासाची, ती पाच वर्षांच्या मुलांना काय सांगणार? म्हणून चाल ठेवून शब्द नवे घालतात. गाणी सांगायला आजीला बोलावले, तर नातवंडाची ऐट बघण्यासारखी असते.

लोकगीतांपासून आणि मातृभाषेतून संगीतशिक्षण सुरू करावे, हा आग्रह हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी धरला होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे केलेल्या कामाने बालशिक्षण परिसरातल्या वस्तूंशी आणि गाण्यांशी जोडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आणि घरच्या भाषेवर भर दिला.

परिणामांबद्दल मात्र जपून बोलावे. मोझार्ट ऐकून मूल हुशार होते ही समजूत १९९३ च्या एका प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता आणि दिसलेला फरक काही मिनिटांचा. संगीताने एकूण बुद्धिमत्ता वाढते, असे नंतरच्या काटेकोर अभ्यासांतूनही ठामपणे दिसलेले नाही. मात्र एकत्र गाण्या-वाजवण्यानंतर चार वर्षांची मुले एकमेकांना अधिक मदत करतात, असे २०१० च्या एका प्रयोगात आढळले. पालकांना सांगायचे तर एवढेच सांगावे.

खर्च नगण्य असतो. करवंट्या, गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, ज्वारीचे दाणे भरलेला डबा, एखादी खंजिरी, झाले. पेटी असली तर उत्तम, पण ती आली की मुले नुसती बघत बसतात आणि वाजवणाऱ्याचाच कार्यक्रम होतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीनेही असेच नुकसान होते: गोड गळ्याची चार मुले पुढे, बाकीची मागे हात हलवायला.

वेळ ठरवताना उन्हाळा आणि ऊसतोड दोन्ही बघावी लागतात. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे सुटीतली कार्यशाळा सकाळी दहाच्या आत उरकतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या मुलांसाठी जून ते दिवाळी हाच काय तो सलग काळ.