डिझेल की बॅटरी: फोर्कलिफ्टच्या निवडीमागची पार्श्वभूमी

अमेरिकेत अल्टूना येथे १९०६ मध्येच प्रवाशांचे सामान हलवण्यासाठी बॅटरीवरच्या गाड्या वापरात आल्या होत्या, तरीही विजेवरची फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन काट्यांवर जड माल उचलून हलवणारे यंत्र) हे नवे खूळ आहे असा समज आपल्याकडे बराच काळ टिकला. महाराष्ट्रात डिझेलची सरशी झाली ती मुख्यतः विजेच्या टंचाईमुळे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी (शिसे आणि आम्ल असलेली, जुन्या पद्धतीची) चार्ज व्हायला सुमारे आठ तास आणि थंड व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तीन पाळ्यांच्या कामाला एका यंत्रामागे दोन-तीन बॅटऱ्या, त्या बदलण्याची सोय, डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन बाहेर जाईल अशी हवेशीर खोली हवी. २००५ च्या सुमारास भारनियमन तासन्‌तास चालत असताना हे वेळापत्रक सांभाळणे अनेकांना अशक्य होते.

पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, २०१७ च्या जीएसटीनंतर भिवंडी परिसरात मोठी बंदिस्त गोदामे वाढली आणि आत कोंडणारा धूर दुर्लक्षिण्याजोगा राहिला नाही. त्यातच जेवणाच्या सुटीतही चार्ज करता येणारी लिथियम बॅटरी आली.

खरा वाद मात्र जुन्या यंत्रातील लेड-अ‍ॅसिड काढून तिथे लिथियम बसवण्यावरून आहे. फोर्कवरच्या, म्हणजे पुढच्या काट्यांवरच्या, मालाचा तोल मागच्या बाजूचे वजन सांभाळते आणि विजेवरच्या यंत्रात टनाच्या आसपासची लेड-अ‍ॅसिड बॅटरी हा त्या वजनाचाच भाग असतो. लिथियम पॅक बराच हलका असल्याने कमी झालेल्या वजनाइतके लोखंड घातले नाही, तर मास्ट (फोर्क वर नेणारा उभा सांगाडा) उंचावलेला असताना मागची चाके उचलली जाऊन यंत्र पुढे कलंडू शकते. पैसे वाचवण्यासाठी केवळ व्होल्टेज जुळवून हा बदल करणारे चालकाचा जीव धोक्यात घालतात. यंत्रावरच्या माहितीच्या पाटीवर लिहिलेल्या किमान बॅटरी-वजनाची पडताळणी आणि उत्पादकाची लेखी संमती यांच्याशिवाय असे यंत्र कामाला लावूच नये.

उघडे यार्ड, चढाचे रॅम्प आणि चार्जिंगची सोय नसलेल्या तात्पुरत्या जागा येथे डिझेल अजून टिकून आहे. मात्र मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट बांधकाम यंत्रांमध्ये मोडते, त्यामुळे एप्रिल २०२१ पासून मोठ्या इंजिनांना कडक झालेली उत्सर्जन मानके तिलाही लागू झाली आणि खरेदीच्या किमतीतील डिझेलची जुनी आघाडी त्या गटात कमी झाली.