पेडर बुडाले, तिथून फ्रँकलिनची लढाई सुरू झाली

टास्मानियातील फ्रँकलिन नदीवरचे धरण रद्द झाले, त्याचे श्रेय बहुतेक वेळा १ जुलै १९८३ च्या ऑस्ट्रेलियन हायकोर्टाच्या निकालाला दिले जाते (तिथे हायकोर्ट हेच देशाचे सर्वोच्च न्यायालय). निकाल निर्णायक होता यात शंका नाही. पण या लढ्याचे मूळ शोधायला अकरा वर्षे मागे, एका हरलेल्या लढाईपाशी जावे लागते.

टास्मानियाच्या नैऋत्येला डोंगरांच्या कुशीत पेडर नावाचे सरोवर होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गुलाबी छटेच्या वाळूचा रुंद किनारा उघडा पडायचा. इतका सपाट, की त्यावर लहान विमाने उतरत. १९५५ मध्ये त्याभोवती राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. मात्र राज्याचे हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशन त्या काळी सरकारातले सरकार होते. स्वस्त वीज आली की कारखाने येतील आणि कारखान्यांपाठोपाठ रोजगार येईल, हे गणित दोन्ही मोठ्या पक्षांनी मान्य केलेले. १९६७ मध्ये उद्यानाचा दर्जा काढून घेतला गेला आणि १९७२ मध्ये सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याच वर्षी पेडरचे म्हणणे मांडायला कॅनबेराकडे निघालेल्या ब्रेंडा हीन आणि वैमानिक मॅक्स प्राइस यांचे छोटे विमान बेपत्ता झाले. ते कधीच सापडले नाही.

ओलेगास त्रुचानास हे छायाचित्रकार स्वतः याच कमिशनमध्ये नोकरीला होते. बुडणाऱ्या पेडरच्या रंगीत पारदर्शिका (स्लाइड्स) ते भरगच्च सभागृहांत दाखवत. १९७२ च्या जानेवारीत गॉर्डन नदीत ते बुडाले. त्यांचा मृतदेह सापडला तो त्यांच्या तरुण शिष्याला, पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांना. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

पेडरने एक गोष्ट शिकवली होती: जे लोकांनी पाहिलेलेच नाही, त्यासाठी लोक उभे राहत नाहीत. फ्रँकलिन तर पेडरहून दुर्गम. सव्वाशे किलोमीटरची ही नदी खोल घळींतून, गर्द पर्जन्यवनातून वाहत गॉर्डनला मिळते. १९७६ मध्ये बॉब ब्राऊन हे डॉक्टर एका वनाधिकारी मित्रासोबत रबरी तराफ्यातून ती उतरले. त्याच वर्षी त्यांच्या घरी टास्मानियन वाइल्डरनेस सोसायटीची स्थापना झाली. दोन वर्षांनी कमिशनने गॉर्डन-फ्रँकलिन संगमाखाली १८० मेगावॅटच्या धरणाची योजना मांडली, तेव्हा निदान नदी पाहिलेली माणसे तयार होती.

पुढचे राजकारण गुंतागुंतीचे आहे, त्यातले दोन प्रसंग महत्त्वाचे. पहिला सार्वमताचा. मुख्यमंत्री डग लो यांना फ्रँकलिन वाचवून वरच्या बाजूला दुसरे धरण बांधण्याचा मधला मार्ग हवा होता. वरिष्ठ सभागृहाने तो अडवला आणि लो यांना पद सोडावे लागले. डिसेंबर १९८१ च्या सार्वमतात मतपत्रिकेवर दोनच पर्याय उरले: हे धरण किंवा ते धरण. धरण नकोच, असे म्हणायला जागाच ठेवली नव्हती. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी ती हाताने करून घेतली आणि मतपत्रिकेवर लिहिले, ‘धरण नको’. बाद मते ४५ टक्क्यांवर गेली. मोठ्या धरणाला ४७ टक्के मिळाली. आकड्यांत धरण जिंकले. मला मात्र हा लढ्यातला सर्वांत देखणा क्षण वाटतो.

दुसरा प्रसंग गुहेचा. नदीकाठच्या कुटिकिना गुहेत १९८१ मध्ये उत्खनन झाले आणि दगडी हत्यारे, हाडे व चुलींच्या राखेचे थर मिळाले. हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, माणसे इथे राहत होती. त्या काळी जगाच्या इतक्या दक्षिणेला माणूस राहिल्याचा तोवर असा पुरावा नव्हता. धरण झाले असते तर ही गुहा बुडीत क्षेत्रात गेली असती. ‘तिथे कोणी राहतच नाही’ हा धरणवाद्यांचा लाडका मुद्दा होता. आदिवासी टास्मानियन लोकांना या पुराव्याने स्वतःच्या पूर्वजांच्या वतीने बोलायला बळ दिले.

मे १९८२ मध्ये धरणाचे कट्टर समर्थक रॉबिन ग्रे सत्तेवर आले. १४ डिसेंबरला स्ट्रॅहन या बंदराच्या गावातून धरणाच्या कामाची नाकेबंदी सुरू झाली, आणि त्याच दिवशी युनेस्कोने या अरण्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आंदोलकांना आधी अहिंसेचे प्रशिक्षण मिळे, मग ते छोट्या रबरी होड्यांतून बुलडोझर वाहणाऱ्या तराफ्यांसमोर जात. सुमारे १,२७० जणांना अटक झाली. पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही ही जामिनाची अट शेकडो जणांनी नाकारली आणि तुरुंग पत्करला. ब्राऊन तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या विधानसभेचे सदस्य झाले.

मार्च १९८३ च्या राष्ट्रीय निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत पानभर रंगीत जाहिरात आली. धुक्यातल्या फ्रँकलिनच्या वळणाचे ते छायाचित्र होते डोम्ब्रोव्हस्किस यांचे. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला मत द्याल का, एवढाच प्रश्न. बॉब हॉक यांचा मजूर पक्ष देशात जिंकला, टास्मानियात मात्र पाचही जागा हरला. ज्यांच्या राज्यातली नदी, त्यांच्यातल्या अनेकांना धरण हवेच होते, हे विसरून या लढ्याकडे पाहणे अन्यायाचे ठरेल.

केंद्राने कायदा करून धरण रोखले आणि राज्याने त्याला आव्हान दिले. राज्यघटनेत धरणांचा विषय केंद्राकडे नव्हता, परराष्ट्र व्यवहार होते. जागतिक वारशाचा आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी केंद्र कायदा करू शकते, असे हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले. एका न्यायमूर्तींचे मत इकडचे तिकडे झाले असते, तर निकाल उलटा लागला असता.

निकालानंतर काम थांबले. फ्रँकलिन आजही अडवल्याशिवाय वाहते. पेडर अजून पाण्याखालीच आहे, आणि ते पुन्हा मोकळे करावे ही मागणीही अजून सुरू आहे.