समानाधिकरण

अधिकरण म्हणजे आधार. ज्यांचा आधार एकच, ते समानाधिकरण. वाक्यात शेजारी आलेले दोन शब्द एकाच व्यक्तीला किंवा वस्तूला उद्देशून असतील, तर त्यांच्यातील नात्याला व्याकरणात सामानाधिकरण्य म्हणतात. 'राजा दशरथ', 'गोदावरी नदी', 'आम्ही शेतकरी' ही त्याची उदाहरणे. 'गोदावरीचे पात्र' म्हटले की नदी आणि पात्र वेगळे पडतात; ते व्यधिकरण.

पाणिनीने अष्टाध्यायीत (१.२.४२) समानाधिकरण तत्पुरुष समासालाच कर्मधारय हे नाव दिले. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, एकाच ठिकाणी राहणाऱ्या गोष्टी, जसे पर्वतावरचा धूर आणि अग्नी, समानाधिकरण ठरतात. वेदान्तात 'तत्त्वमसि' (ते तू आहेस) या वाक्यामधील 'तत्' आणि 'त्वम्' एकाच तत्त्वाला कसे लागू पडतात, हा वाद याच संज्ञेच्या आधाराने लढवला गेला.

संस्कृतात दोन्ही पदांना एकच विभक्ती लागते : 'राज्ञा दशरथेन'. मराठीत प्रत्यय शेवटच्या पदाला लागतो, आधीचे नाम बहुधा मूळ रूपात राहते. एरवी आपण 'पुण्यात' म्हणतो, पण 'पुणे शहरात'. सर्वनामाचे मात्र सामान्यरूप होते : 'आम्हां शेतकऱ्यांना', 'तुम्हां मुलांना'.

मराठीची खरी खासियत म्हणजे विशेषनामानंतर येणारे 'हा', 'ही', 'हे' यांचे रूप. 'गोपाळ कृष्ण गोखले यांनी' या रचनेत 'यांनी' हे सर्वनामही गोखल्यांचेच समानाधिकरण आहे आणि विभक्तीचा भार तेच उचलते. त्यामुळे नाव मोडत नाही. बोलताना 'गोखल्यांनी' सहज येते. लेखी मराठीत, विशेषतः बातम्यांत आणि सरकारी कागदांत, पूर्ण नाव अभंग ठेवण्याकडे कल असतो, आणि परक्या किंवा अपरिचित नावांसाठी ही सोय फारच मोलाची आहे. शिवाय या एका शब्दातून आदर आहे की नाही ते कळते, आणि 'याला', 'हिला' अशा एकवचनी रूपांतून लिंगही. बातमीत मंत्र्यासाठी 'यांना' येते, आरोपीसाठी अनेकदा 'याला'. गुन्हा सिद्ध होण्याआधीच माणसाचा मान असा काढून घेतला जातो. लिहिणाऱ्याने इथे जपून राहायला हवे.

उपाधी नावानंतर आली, तर या सर्वनामाची गरज उरत नाही. प्रत्यय उपाधीलाच लागतो : 'ज्ञानेश्वर महाराजांनी', 'साने गुरुजींना', 'दशरथ राजाने'.