पडदा ताणलाय की विरलाय?

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका दवाखान्यात आमच्या घरच्या दोघींचे डोळे एकाच दिवशी तपासले. एक 11 वर्षांची पुतणी, चष्म्याचा नंबर उणे 7 च्या पुढं गेलेला. दुसरी 82 वर्षांची आज्जी. दोघींबद्दल डॉक्टर एकच वाक्य बोलले, "पडदा पातळ आहे." पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेलं, उजेड टिपणारं अस्तर. तासगावला परतताना एसटीत वहिनी गप्पच होती. शेवटी म्हणाली, "भावजी, पोरीला आत्ताच म्हातारपण लागलं काय?"

नाही लागलं. पण का नाही, ते मला नीट सांगता आलं संध्याकाळी, आई भाकऱ्या थापायला बसली तेव्हा.

उंडा परातीत थापला की रुंद होतो आणि पातळही होतो, पीठ मात्र तेवढंच असतं. वाढत्या डोळ्याचं असंच आहे. नवजात बाळाचा डोळा पुढून मागं साधारण 16-17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 24 च्या आसपास. पडद्यातल्या चेतापेशी माणसात जन्माआधीच बनून झालेल्या असतात. डोळा मोठा होतो तशा त्याच पेशी जास्त जागेवर पसरतात. खिलार वासरू उघड्या डोळ्यांनी जन्मतं, मांजराचं पिल्लू आठ-दहा दिवस डोळे मिटून पडतं आणि त्याच्या पडद्याच्या कडेला जन्मानंतरही थोडे दिवस पेशी बनत राहतात. पण सस्तन प्राण्यांत हे काम लवकरच थांबतं. कृष्णेतल्या माशाचं तसं नाही, त्याच्या पडद्याच्या कडेला आयुष्यभर नव्या पेशींची भर पडते.

या पसरण्यात एक उलटी गोष्टही घडते, आणि मला तीच सगळ्यात विलक्षण वाटते. बाकी पडदा ताणला जात असताना माणसाच्या बाळात ऐन मध्यावर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी एकमेकींजवळ सरकून दाटी करतात, आणि वरचे थर बाजूला होऊन तिथं छोटा खळगा तयार होतो. जन्मानंतर काही वर्षं हे चालतं. सुईत दोरा ओवतो तो या दाटीच्या जोरावर. सस्तन प्राण्यांत असा खळगा फक्त माकडं, वानरं, माणूस आणि त्यांचा छोटा नातलग टार्सियर यांनाच. गाईच्या पडद्यावर दाट पेशींचा आडवा पट्टा असतो, माळाची सगळी कड एका नजरेत धरायला.

पुतणीचा डोळा थांबायचा तिथं थांबला नाही, लांबत गेला. तिचा पडदा जास्त थापला गेलाय, एवढंच.

आज्जीचा पडदा विरलाय, अंगावर वापरून वापरून लुगडं विरतं तसा. तिथं धागेच कमी झालेत. अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशी आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग रोज टाकून देतात आणि तेवढाच नवा बनवतात. टाकलेलं ते खाऊन पचवायचं काम पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या थराचं. त्या थरातल्या पेशी सहसा बदलल्या जात नाहीत. पन्नास-साठ वर्षं रोज तेच काम केल्यावर न पचलेला गाळ त्यांच्यात साठत जातो. पस्तिशीपासून नव्वदीपर्यंत पडद्याच्या मधल्या भागातल्या सुमारे 30 टक्के दंडपेशी जातात. अगदी मध्यावरच्या शंकुपेशी मात्र बऱ्याच टिकतात. म्हणून आज्जी चष्मा लावून दुपारी तांदळातला खडा बरोबर वेचते आणि दिवेलागणीला गोठ्यात जाताना उंबऱ्याला ठेचकाळते. उजेडातून अंधारात गेल्यावर तिची नजर बसायला फार वेळ लागतो.

वहिनीनं मग विचारलं, दोघींत जपायचं काय? तेही वेगळं आहे. ताणलेला पडदा फाटू किंवा सुटू शकतो. डोळ्यापुढं अचानक विजेसारखं चमकलं, काळे ठिपके एकदम वाढले, कडेनं सावली सरकत आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. विरलेल्या पडद्यात दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली किंवा मधोमध डाग आला, तर वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. फार मोठ्या उणे नंबरात पुढं मागं हा दुसरा त्रासही होऊ शकतो, हे मी वहिनीपासून लपवलं नाही. दर वर्षी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुतणीचा पडदा तपासून घ्यायचं ठरलंय, आणि गोठ्याच्या दाराशी त्याच रात्री दिवा लावला.