कागदाच्या जाडीएवढा ताण

नागपूरबाहेर अमरावती रोडवर वाडीला ट्रकचं चाक बदलताना मी कितीतरी वेळा थांबून पाहिलंय. पान्याला लांब पाइप लावतात, त्यावर एक जण चढून उभा राहतो, नट करकरतो. "कसून दिला भाऊ, आता नाही हलत." या माणसांच्या हातातला अंदाज खरा असतो. पण नट जड फिरला म्हणजे चाक घट्ट बसलंच, असं नाही.

नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा म्हणजे स्टड, आणि तो प्रत्यक्षात स्प्रिंगसारखा वागतो. नट आवळला की तो ताणला जातो, आणि पुन्हा आखडायची त्याची ओढ डिस्कला, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीला, हबवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या फिरत्या भागावर, दाबून धरते. दहा नटांच्या मोठ्या चाकाला साधारण ६५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. म्हणजे मीटरभर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकावर ६५ किलोचा माणूस. एवढ्याने एकेक स्टड सुमारे १५ टनांनी दाबतो! गाडीचा भार आणि ब्रेकचा झटका या दाबातून आलेलं घर्षण पेलतं.

आणि हे सगळं करताना स्टड ताणला किती जातो? मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. वहीच्या कागदाएवढा.

डिस्कला हौसेने मारलेल्या रंगाचा थरही तेवढाच जाड असू शकतो. गाडी धावली की मधला रंग, गंज, माती चिरडते आणि नट जराही न फिरता ताण निघून जातो. मग डिस्क हबवर आडवी सरकू लागते. अशा आडव्या हालचालीने नट आपोआप सुटतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. म्हणून बसण्याच्या जागा तारेच्या ब्रशने घासायच्या, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, आणि वाडीहून निघालेल्या गाडीने अमरावती यायच्या आत पुन्हा टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, लावायचा. नटांवर बसवलेले प्लास्टिकचे पिवळे बाण नट फिरला तर दाखवतात, गेलेला ताण त्यांना दिसत नाही.

पाइपवाल्या पद्धतीचा घोटाळा आणखी एक. लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला मिळतो, बाकीचा घर्षण खातं. गंजलेल्या आट्यांवर नट जड जातो, पण ताण येत नाही. उलट, कंपनीने सांगितलेलं नसताना तेल लावलं, तर स्टड मर्यादेपलीकडे ताणला जातो.

खाणीतल्या डंपरचं चाक मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथली रिम तुकड्यांची असते, ते तुकडे अडकवून धरणारी लॉक रिंग हवेच्याच दाबाने जागेवर राहते. रिमला तडा असेल, तर नट सैल होताच ती रिंग माणसाच्या अंगावर येते. म्हणून नटाला पाना लावण्याआधी हवा पूर्ण सोडायची, जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची. व्हॉल्व्हची पिन काढल्यावर आवाज थांबला, एवढ्यावर विसंबू नका. कृपा करून त्यात एक तार घालून बघा. भोक चिखलाने बुजलं असेल, तर बाहेर शांत वाटतं आणि आत हवा तशीच असते.